डोक्यावरचं पोट

त्या शनिवारी सकाळी मी मळक्या कपड्यांची टोपली घेऊन जिना उतरले, तर घरमालकीणबाईंनी मला स्वयंपाकघराच्या दारातच अडवलं. "आज धुणं नाही, लव्ह." मशीन बिघडलंय का, म्हणून विचारलं. नाही म्हणाल्या. बाहेर पाऊसही नव्हता. "पोरं गेलीयत आज," एवढंच बोलून त्यांनी टोपली माझ्या हातातून घेतली आणि जिन्याखाली सारून ठेवली.

पोरं म्हणजे हल सिटी या फुटबॉल क्लबचे खेळाडू. तारीख २४ मे २००८. त्या दिवशी दुपारी तीन वाजता लंडनला, वेम्ब्लीवर, हल सिटीचा ब्रिस्टल सिटीशी सामना होता. जिंकेल तो प्रीमियर लीगमध्ये. हल सिटी हा १९०४ साली निघालेला क्लब, आणि एकशे चार वर्षांत तो एकदाही इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या श्रेणीत खेळलेला नव्हता.

मी तेव्हा उत्तर इंग्लंडमधल्या हल शहरात, तिथल्या विद्यापीठात लॉजिस्टिक्सचं एम.एस्सी. करत होते आणि हेसल रोडच्या बाजूला एका सत्तरीच्या बाईंकडे खोली घेऊन राहत होते. विद्यापीठापासून लांब, पण भाडं परवडत होतं. हेसल रोड ही हलच्या मच्छीमारांची वस्ती. इथून ट्रॉलर, म्हणजे खोल समुद्रात मासेमारी करणाऱ्या मोठ्या बोटी, आइसलँडच्या, नॉर्वेच्या वरच्या गोठलेल्या समुद्रात जायच्या, तीन-तीन आठवडे. धनी ज्या दिवशी समुद्रावर निघायचा त्या दिवशी घरातली बाई कपडे धूत नसे. धुतले, तर तो वाहून जातो. दारात उभं राहून निरोपाचा हातही हलवायचा नाही, कारण इंग्रजीत हात हलवण्याला आणि लाटेला शब्द एकच, 'वेव्ह'. बाईंचे यजमान बॉबर होते, म्हणजे पहाटेच्या आत बोटीतून मासळी उतरवणारे गोदीतले हमाल. ते स्वतः समुद्रावर गेले नाहीत, पण भाऊ आणि वडील गेले होते, आणि ती रीत बाईंच्या अंगात मुरलेली होती. आमच्याकडेही घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात, असं मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तुमच्याकडची माणसंही परत आली नाहीत कधीतरी."

मासेमारी केव्हाच बुडाली होती. आइसलँडने आपल्या किनाऱ्याभोवतीची हद्द वाढवत दोनशे मैलांवर नेली आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटी हलचा तो धंदा संपला. धुण्याची रीत तेवढी उरली होती, आणि त्या दिवशी ती अकरा फुटबॉलपटूंसाठी पाळली जात होती. त्या अकरांतला एकजण हेसल रोडच्याच पश्चिमेच्या जिप्सीव्हिल वस्तीत वाढलेला. वय एकोणचाळीस. डोक्याचे केस पिवळे रंगवलेले, अंगाने आडवा, पळताना कुणालाही सहज मागे टाकता येईल असा. नाव डीन विंडास.

मी कोल्हापूरची. फुटबॉल मला इंग्लंडने शिकवला नाही. अण्णा आम्हा दोघा भावंडांना शाहू स्टेडियमवर न्यायचे. आमच्याकडे संघ तालमींचे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. खेळणारा मुलगा सकाळी शिरोलीत फाउंड्रीत असायचा किंवा दुकानात गिऱ्हाइकं करायचा, आणि संध्याकाळी त्याच मुलासाठी अख्खी पेठ घसा फोडायची. त्यामुळे हलला गेल्यावर टीव्हीवरच्या चकचकीत फुटबॉलपेक्षा हा खालच्या पायरीवरचा फुटबॉल मला लगेच ओळखीचा वाटला. हे लोक कामाला जातात तसे खेळायला जातात.

इंग्लंडमध्ये वरच्या चार श्रेणींत मिळून ब्याण्णव क्लब. प्रीमियर लीगचे वीस वगळले, तर खालच्या तिन्ही श्रेणींत चोवीस-चोवीस. खालच्या प्रत्येक क्लबला हंगामात लीगचेच सेहेचाळीस सामने. शनिवारी एक, पुष्कळदा मंगळवारी रात्री दुसरा, मध्ये बसचा प्रवास. करार वर्षा-दोन वर्षांचा. मे महिना आला की क्लब कुणाला ठेवणार आणि कुणाला सोडणार याची यादी लागते. त्यात स्ट्रायकरचा, म्हणजे गोल करायला पुढे खेळणाऱ्याचा, हिशेब सगळ्यांत उघडा. बचावपटू चांगला की वाईट यावर वाद घालता येतो. स्ट्रायकरचे गोल मोजता येतात.

विंडासचा जन्म १ एप्रिल १९६९ चा. पोरवयात तो हल सिटीतच शिकाऊ होता आणि क्लबने त्याला ठेवून घेतलं नाही. मग तो बांधकामावर गेला. गोठवलेल्या मटारची पाकिटं भरली. हे खेळाडूच्या चरित्रात सांगितलं जातं ते 'बघा, कुठून कुठे पोचला' अशा सुरात. बाईंनी ते मला वेगळ्या सुरात सांगितलं. मटारच्या हंगामात कारखान्याचा पट्टा रात्रंदिवस चालतो, बोटं बधिर होतात, आणि घरी गेल्यावर पहिला चहा दोन्ही हातांनी धरून बसावं लागतं. त्यांच्या गल्लीतल्या कितीतरी बाया त्या कामावर जाऊन आल्या होत्या. "तो आमच्यातलाच," हे त्या म्हणायच्या तेव्हा त्याचा अर्थ एवढा नेमका होता.

मटार भरता भरता तो नॉर्थ फेरिबी युनायटेड या गावच्या क्लबकडून खेळायचा, आणि १९९१ मध्ये ज्या क्लबने सोडलं होतं त्याच हल सिटीने त्याला बावीसाव्या वर्षी बोलावून घेतलं. तेव्हा क्लबचं मैदान बूथफेरी पार्क. पैशांची इतकी चणचण, की एका गोलमागची प्रेक्षकांची बाजू पाडून तिथे सुपरमार्केट उभं केलेलं. तिथे त्याने चार वर्षांत लीगचे सत्तावन्न गोल केले आणि डिसेंबर १९९५ मध्ये क्लबने त्याला स्कॉटलंडच्या ॲबर्डीनला सात लाख पौंडांना विकलं. त्या पैशावर क्लब तगला, असं हलमध्ये सगळे सांगतात. ते सांगताना कुणाच्या आवाजात तक्रार नसते. घरातला कमावता मुलगा मुंबईला जातो आणि मनीऑर्डर पाठवतो, तसं ते बोलतात.

तो संत नव्हता. नोव्हेंबर १९९७ मध्ये डंडी युनायटेडविरुद्ध त्याला बाहेर काढलं, म्हणून तो पंचांना नको ते बोलला, त्याबद्दल पुन्हा लाल कार्ड. आणि मैदान सोडताना कोपऱ्यातला झेंडा उपटून फेकला, त्याबद्दल तिसरं. एका सामन्यात तीन वेळा बाहेर. त्या दिवशी ॲबर्डीन पाच गोलांनी हरलं. रागाच्या अशा गोष्टी त्याच्या आयुष्यात बऱ्याच आहेत आणि लोक त्या हसत सांगतात. मला त्या हसण्यावारी नेता येत नाहीत. ज्याला बावीसाव्या वर्षापर्यंत कुणी विचारलं नाही, त्याला मैदानातून बाहेर जा म्हटल्यावर काय होत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

मग ऑक्सफर्ड. मग ब्रॅडफर्ड, तिथे एकदाची प्रीमियर लीग मिळाली. १९९९-२००० च्या हंगामात त्याने दहा गोल केले आणि ब्रॅडफर्ड शेवटच्या दिवशी लिव्हरपूलला हरवून वर टिकलं. पुढे मिडल्सब्रो, तिथे बाकावर. मग शेफील्ड. २००३ मध्ये शेफील्ड युनायटेड प्रीमियर लीगच्या दारात, अंतिम सामन्यापर्यंत पोचलं, आणि त्या सामन्याच्या संघात त्याचं नाव नव्हतं. त्याचं वय चौतीस. या वयात खालच्या श्रेणीतला माणूस सहसा प्रशिक्षकाची परीक्षा देतो किंवा टॅक्सी घेतो. विंडास पुन्हा ब्रॅडफर्डला गेला. वर्षभरात तो क्लब तिसऱ्या श्रेणीत घसरला. तिथे २००४-०५ मध्ये, पस्तिशी उलटल्यावर, त्याने एका हंगामात लीगचे सत्तावीस गोल केले.

हे कसं जमलं, हे मी पुढे जुने सामने बघून शोधायचा प्रयत्न केला. वेग त्याच्याकडे कधीच नव्हता. तो उभा राहायचा. बचावपटूला पाठीवर घेऊन, ढुंगण मागे काढून, दोन्ही हात किंचित पसरून असा उभा राहायचा, की लांबून आलेला उंच चेंडू घ्यायला दुसऱ्या कुणाला वाटच नाही. मग एक छोटी उडी. चेंडू कपाळाला लागतो, कधी कपाळाच्या बाजूला, कधी मागून बचावपटूचं डोकं त्याच्या डोक्याला. चेंडू साथीदाराच्या पायाशी पडतो. आणि गोलरक्षक पुढचा लांब चेंडू मारायला घेतो. खालच्या श्रेणीतल्या त्या काळच्या खेळाचं हे रोजचं दळण होतं. सामन्यात असे कितीतरी चेंडू, आणि आठवडाभर सरावात त्याहून जास्त. बाजूने क्रॉस, म्हणजे गोलच्या तोंडाशी टाकलेले उंच चेंडू, येत राहायचे आणि स्ट्रायकर एकापाठोपाठ एक डोक्याने मारत राहायचे. चारशे दहा ते चारशे पन्नास ग्रॅमचा चेंडू. आपण हातावरचं पोट म्हणतो. याचं पोट डोक्यावर होतं.

जानेवारी २००७ मध्ये हल सिटी दुसऱ्या श्रेणीतून खाली घसरायच्या बेतात होतं. त्यांनी ब्रॅडफर्डकडून त्याला उसना आणला. त्याने आठ गोल केले. एप्रिलच्या शेवटी कार्डिफला एकमेव गोल त्याचाच, आणि त्या विजयाने हल वाचलं. तो घरी परतला तो असा. पुढच्या सप्टेंबरात मी हलला उतरले, तेव्हा स्टेशनवरून आणणारा टॅक्सीवालासुद्धा त्याच्याबद्दल बोलत होता. मला त्या टॅक्सीवाल्याचे उच्चार फारसे कळत नव्हते. एकच शब्द वारंवार येत होता: 'डीनो'.

तर, २४ मे. बाईंच्या घरी सॅटेलाइट टीव्ही नव्हता. आम्ही स्वयंपाकघरात रेडिओ हंबरसाइड लावून बसलो. टेबलावर चिप्स, त्यावर हलची खासियत असलेला लालसर मसाला, चिप स्पाइस. बाईंचे यजमान हयातभर रग्बीचे भक्त, त्यामुळे फुटबॉल बाईंना फारसा कळत नव्हता. चेंडू कुणाकडे आहे एवढं त्या मला विचारायच्या आणि मी रेडिओवरचं ऐकून सांगायची. अडतिसाव्या मिनिटाला समालोचकाचा आवाज चढायला लागला. फ्रेझर कॅम्पबेल डावीकडून आत, थांबला, मागे उचलून दिला, आणि मग नुसता आरडाओरडा. आम्हाला गोल झालेला कळला. दोन-तीन सेकंद गेले. मग कोपऱ्यावरच्या पबमधून गर्जना आली. तिथला टीव्ही रेडिओच्या मागे चालत होता. त्या दोन-तीन सेकंदांत अख्ख्या हेसल रोडवर ती गोष्ट फक्त आम्हा दोघींना माहीत होती. बाई उभ्या राहिल्या, त्यांनी माझं मनगट धरलं आणि विचारलं, "कुणी? आपल्या पोराने का?"

तो गोल मी नंतर किती वेळा पाहिला असेल, मोजलेलं नाही. डावीकडे कॅम्पबेल दोघांना घेऊन पळतो, गोलरेषेजवळ थबकतो, मान वर करतो. बाकी सगळे गोलच्या तोंडाशी धावलेले. विंडास मात्र मागे, पेनल्टी क्षेत्राच्या काठावर, एकटा. त्याच्या पायांत तिथवर धावण्याची ताकद उरली नव्हती म्हणून तो मागे राहिला, असं कुणी म्हणेल. मला वाटतं तो तीन हजार क्रॉस बघितलेला माणूस होता, आणि चेंडू कुठे पडणार हे त्याला धावणाऱ्यांच्या आधी कळलं. चेंडू हवेतून त्याच्याकडे येतो. तो डावा खांदा किंचित खाली घेतो, डोळे चेंडूवर, आणि उजवा पाय चेंडू जमिनीला लागायच्या आत त्याच्यामधून नेतो. जोर लावलेला दिसत नाही. गोलरक्षक झेपावतो तेव्हा जाळं हललेलं असतं. आयुष्यभर चेंडू डोक्यावर झेललेल्या माणसाचा सगळ्यांत मोठा गोल पायाने झाला.

सामना एक-शून्यने संपला. त्या रात्री गाड्यांचे हॉर्न पहाटेपर्यंत थांबले नाहीत. बाईंनी यजमानांच्या फोटोसमोरची ब्रॅन्डीची बाटली काढली, मला चहाच्या कपात दोन घोट दिले, आणि त्या रात्री पहिल्यांदा १९६८ बद्दल बोलल्या.

१९६८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत, महिन्याच्या आत, हलचे तीन ट्रॉलर बुडाले. सेंट रोमॅनस, किंग्स्टन पेरिडॉट, रॉस क्लीव्हलंड. अठ्ठावन्न माणसं गेली. शेवटच्या बोटीवरचा एकच माणूस जिवंत परत आला. सेंट रोमॅनस निघाली तेव्हा तिच्यावर रेडिओ चालवणारा माणूसच नव्हता. ती बुडाली हे कळायलाच दिवस गेले. तेव्हा हेसल रोडच्या बायका उठल्या. त्यांच्या पुढे लिलियन बिलोका, मासळीच्या कारखान्यात काम करणारी, डोक्याला रुमाल बांधलेली बाई. त्यांनी दहा हजार सह्या गोळा केल्या, रेडिओवाल्याशिवाय बोट सुटू नये म्हणून धक्क्यावर उभ्या राहिल्या. पोलिसांनी बिलोकाबाईंना बोटीवर उडी घेताना धरून ठेवलं. मग त्या लंडनला मंत्र्यांना भेटल्या, आणि ट्रॉलरवरच्या सुरक्षेच्या अठ्ठ्याऐंशी गोष्टी सरकारला मान्य कराव्या लागल्या. बिलोकाबाईंची नोकरी गेली. पुन्हा मासळीच्या धंद्यात त्यांना कुणी उभं केलं नाही. धमकीची पत्रं आली, ती वेगळीच. गावातल्याच काही पुरुषांना बायकांनी पुरुषांच्या कामात तोंड घातलेलं रुचलं नव्हतं.

"सही केली होती मी," बाई म्हणाल्या. "यजमानांना न सांगता." विंडास त्याच्या पुढच्या वर्षी जन्मला.

मी त्याच वर्षी परतले. विंडास प्रीमियर लीगमध्ये थोडे सामने खेळला, पुढच्या जानेवारीत ओल्डहॅमला उसना गेला, तिसऱ्या श्रेणीत, आणि त्या उन्हाळ्यात डार्लिंग्टनला, चौथ्या श्रेणीत. वर्ष संपायच्या आत बूट उतरवले. लीगचे सहाशेहून जास्त सामने, दोनशेच्या आसपास गोल. २०१२ मध्ये त्याने उघडपणे सांगितलं, की निवृत्तीनंतर दारू वाढली, वडील गेल्याचं दुःख पेलवलं नाही, आणि त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. वीस वर्षं ज्याला शनिवारी दुपारी तीन वाजता कुठे उभं राहायचं हे माहीत होतं, त्याचा शनिवार अचानक मोकळा झाला. पुढे तो त्यातून वर आला, आणि इतरांशी याच विषयावर बोलत फिरू लागला.

मग जानेवारी २०२५. त्याला स्मृतिभ्रंश झाल्याचं जाहीर झालं. दुसऱ्या टप्प्यातला. वय पंचावन्न.

ती बातमी मी मोबाइलवर वाचली आणि मला अण्णा दिसले. अण्णा एस.टी.त कंडक्टर होते. शेवटची चार वर्षं त्यांना आमची नावं सापडत नव्हती. भावाला ते पाहुणा समजून पाणी द्यायला सांगायचे. पण दुपारी व्हरांड्यात बसले की त्यांचा उजवा अंगठा आणि तर्जनी हलत राहायची, चिमट्याने तिकिटाला भोक पाडल्यासारखी. टक्, टक्. मग डाव्या हाताची बोटं न दिसणारी नोट मोडून सुट्टे पैसे मोजायची. हिशेब बरोबर यायचा की नाही, देव जाणे. आम्ही त्यांच्या हातात एकदा जुना चिमटा दिला, तर त्यांनी तो उलटसुलट करून खिशात ठेवला आणि त्या दिवशी जेवले नीट. माणूस विसरतो तेव्हा सगळ्यात शेवटी काम विसरतो, हे मी घरात पाहिलंय. अण्णांचा आजार त्यांच्या कामाने झाला नव्हता. विंडासबद्दल तो प्रश्न विचारावाच लागतो.

कुणा एका माणसाचा आजार चेंडूनेच झाला, असं ठामपणे सांगता येत नाही. पण मोठ्या संख्येबद्दल सांगता येतं. ग्लासगोच्या संशोधकांनी २०१९ मध्ये स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या नोंदी त्याच वयाच्या सर्वसामान्य माणसांशी ताडून पाहिल्या. हृदयविकाराने हे खेळाडू कमी मेले होते. मेंदू झिजत जाणाऱ्या आजारांनी मात्र साडेतीन पट जास्त. दोन वर्षांनी त्याच गटाने खेळण्याच्या जागेप्रमाणे पाहिलं, तेव्हा सगळ्यांत वाईट आकडे बचावपटूंचे निघाले, आणि गोलरक्षकांचा धोका वाढलेला दिसला नाही. एकाच मैदानावर, एकाच चिखलात, एकाच बसमधून आलेली माणसं. गोलरक्षक चेंडू हातांनी घेतो.

आणि हे कुणाला आधी माहीत नव्हतं, असंही नाही. जेफ ॲस्टल हा वेस्ट ब्रॉम या क्लबचा स्ट्रायकर, १९६८ च्या एफ.ए. कपच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल त्याचा. हो, तेच १९६८. हेडरसाठी, म्हणजे डोक्याने मारलेल्या चेंडूंसाठी, तो प्रसिद्ध. २००२ मध्ये वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी तो गेला आणि चौकशी करणाऱ्या कॉरोनरने मृत्यूचं कारण नोंदवलं: व्यवसायजन्य आजार. म्हणजे गिरणीतल्या कापसाच्या धुळीने जशी फुप्फुसं जातात, खाणीत जशी जातात, त्या रांगेतला. हे लिहिलं गेलं तेव्हा विंडासची आणखी सात वर्षं खेळायची शिल्लक होती. त्यातला ब्रॅडफर्डचा सत्तावीस गोलांचा हंगाम, हलचा परतीचा हंगाम, ते सगळं त्या निकालानंतरचं. त्या सात वर्षांत कुठल्या सरावाच्या मैदानावर कुणी क्रॉस मोजले? इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने सरावात जोराचे हेडर आठवड्याला दहाच्या वर नेऊ नयेत, असं सांगितलं ते २०२१ मध्ये.

मधली एकोणीस वर्षं हा विषय जिवंत ठेवला तो ॲस्टलची मुलगी डॉन हिने, आणि तिच्यासारख्या बायका-मुलींनी. ज्यांनी आपल्या वडिलांना, नवऱ्यांना भरवलं, कपडे घातले, त्याच संघटनांच्या दारात जाऊन बसल्या. खेळाडूंचा हा आजार कामाचा आजार म्हणून धरा, उपचाराचा खर्च द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. यांचं वाचताना मला दर वेळी धक्क्यावरची ती रुमाल बांधलेली बाई दिसते. बोट अडवायला पुन्हा घरच्या बायकाच पुढे. फुटबॉलमध्ये इतका पैसा आला, एकेका खेळाडूची किंमत शेकडो कोटींत गेली, तरी खालच्या श्रेणीत वर्षा-दोन वर्षांच्या करारावर खेळलेल्या माणसाच्या घरी रात्री जागायला माणूस ठेवायचा खर्च कुणी उचलायचा, याचं नीट उत्तर नसावं याचा मला संताप येतो. हल सिटीला विंडासच्या विक्रीने जगवलं आणि पायाने वर नेलं. ब्रॅडफर्डने, ॲबर्डीनने त्याला वापरलं. प्रत्येक क्लबने त्याचे गोल मोजले आहेत. हेडर कुणीच मोजले नाहीत.

तो आजही लोकांत येतो, बोलतो. हलमध्ये रस्त्याने चालताना लोक त्याला थांबवून तो गोल सांगत असतील, याची मला खात्री आहे. हलमध्ये तो गोल प्रत्येकाला पाठ आहे. बाई असत्या, तर त्यांनीही सांगितला असता, रेडिओवरून ऐकलेला, पबच्या आधी कळलेला.

विंडासचा मुलगा जॉशही स्ट्रायकर. मे २०२३ मध्ये शेफील्ड वेन्सडेकडून तो वेम्ब्लीवर खेळला, बार्न्सलीविरुद्ध, तिसऱ्या श्रेणीतून वर जाण्यासाठीचा अंतिम सामना. वडिलांच्या गोलाला पंधरा वर्षं झाली होती. जादा वेळही संपत आलेला, एकशे तेविसावं मिनिट, शून्य-शून्य, सगळ्यांनी पेनल्टीची मनाची तयारी केलेली. उजवीकडून क्रॉस आला आणि जॉशने दोन बचावपटूंच्या मधून पुढे झेप घेतली. अंग जमिनीला समांतर, हात मागे, डोकं पुढे. गोल.

गेल्या दिवाळीत माझा भाचा तो गोल माझ्या मोबाइलवर बघत होता. वय अकरा, तालमीच्या लहान मुलांच्या संघात नुकताच लागलेला. त्याने तो चार वेळा मागे नेऊन पाहिला. मीही त्याच्या खांद्यावरून पाहिला, आणि खोटं कशाला सांगू, चौथ्या वेळीही माझ्या अंगावर काटा आला. मग तो चेंडू घेऊन परसात पळाला, भिंतीशी उभा राहिला, ढुंगण मागे, हात पसरलेले. हे उभं राहणं याला कुणी शिकवलं, मला कळेना.

"आत्या, टाक."

मी चेंडू उचलला आणि खालून, फरशीवरून, त्याच्या पायाशी सोडला. त्याने तो पायाने अडवून माझ्याकडे परत ढकलला.

"अगं, वरनं टाक की!"

मी पुन्हा खालूनच टाकला.